कार्तिकातला माळ

सकाळी ६ : सुप्याजवळचं गायरान. दवानं कुसळी गवत ओलं आहे, म्हणून मऊ. उन्हं चढली की हीच कुसळं पँटमधून मांडीपर्यंत टोचतील. त्यामुळे आधी ठोंबांची मोजणी, बी गोळा करणं नंतर.

७ : एक मीटरची लोखंडी चौकट टाकायची आणि आतले गवताचे ठोंब मोजायचे. पहिल्या चौकटीत पवन्या गवताचे चार, मारवेल गवताचे दोन. गाडीवाटेकडे सरकलो तसा पवन्या संपला, कुसळी उरली. वाटेला लागून तर एका पावसाळ्यापुरती जगणारी हलकी गवतं. चराई वाढली की माळ याच क्रमानं उतरतो. जनावरांना पवन्या आवडतो, म्हणून तोच आधी जातो.

१० : मारवेलचं बी ओरबाडून कापडी पिशवीत. प्रत्येक ठोंबावर थोडं मागं ठेवायचं, ते माळाचं.

१२.३० : बाभळीखाली भाकरी. जेवून कुसळीचं एक बी तळहातावर घेतलं. टोक सुईसारखं, त्यावर उलट्या दिशेची लव, मागं पीळ भरलेलं लांब कुसळ. पाण्याचा थेंब टाकला. पीळ सुटू लागला आणि कुसळ सावकाश फिरलं. मातीत हेच घडतं : ओल आली, वाळली, पुन्हा ओल, दर फेरीला बी गिरमिटासारखं आत शिरतं. उलटी लव त्याला मागं येऊ देत नाही.

३ : मागं कुणी झाडं लावायला इथं खड्डे घेतले होते. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. रोपं पहिल्याच उन्हाळ्यात जळाली. खड्ड्यांच्या कडेला पवन्या अजून परतलेला नाही. माळावरचा धाविक पक्षी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, त्याला झाडाची सावली नकोच असते. शेजारच्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकाराही अशाच माळाचा.

५ : मेंढरं परतताना मेंढपाळ आबा थांबले. चार दिवसांत त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह सगळा तळ, कोकणात उतरणार.

“आबा, कुसळी मेंढरं खातात ना?”

“कवळी हाय तवर खात्यात की. कुसळं धरली मंग त्वांडात रुततंय, लोकरीत घुसतंय. गवात वाईट न्हाय लेका, येळ चुकती.”

६.३० : पायमोज्यातली कुसळं वेचतोय. उन्हाळ्यात हा माळ पिवळा, मग करडा पडेल. पण ठोंबाचा जमिनीलगतचा गड्डा जिवंत राहील आणि वळवाच्या सरीवर फुटेल. कागदावर अशा जमिनीला पडीक म्हणतात. झाडं लावायला माळावर निघालात, तर कुदळ मारण्याआधी खाली बसा आणि ठोंब मोजा.