डॉक्टरकडे ताटकळताना उघडलेलं पान

१८८० साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी एक मिशनरी नियतकालिक चाळायला घेतलं. त्यात हिंदुस्थानातून आलेलं एक पत्र होतं. टपाल खात्यातला एक नोकरदार आपल्या बायकोला अमेरिकेत शिकवायला धडपडत होता. कार्पेंटरबाईंना राहवलं नाही. त्यांनी त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. ती मुलगी म्हणजे कल्याणच्या जोशांची यमुना, लग्नानंतरची आनंदीबाई. १८८३ मध्ये ती न्यू यॉर्कला उतरली ती याच बाईंच्या आधाराने, आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली.

डॉक्टरची वेळ आठवडाभर पुढे गेली असती तर? तिथे दुसराच अंक पडलेला असता तर? अंगावर काटा येतो. याला नशीब नाही तर काय म्हणायचं!

पण ते पान तिथवर पोचलं कसं, हे त्याहून नवलाचं आहे. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी १८७८ मध्ये कोल्हापुरातून रेव्हरंड वाइल्डर यांना मदतीसाठी लिहिलं होतं. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशनरी होते, आता अमेरिकेत ते नियतकालिक चालवत होते. त्यांचं उत्तर आलं, आधी ख्रिस्ती व्हा. म्हणजे प्रयत्न फसलाच. मात्र वाइल्डरांनी पत्र आणि उत्तर दोन्ही छापून टाकलं. एका माणसाने नाकारलेली विनंती आता कितीतरी अनोळखी माणसांसमोर उघडी पडली होती.

इथे गणित आपली जादू दाखवतं. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता शंभरात एक आहे असं धरा. एकदा प्रयत्न केला तर ती बहुधा घडणार नाही. पण असे शंभर स्वतंत्र प्रयत्न केले, तर निदान एकदा तरी ती घडण्याची शक्यता ६३ टक्क्यांवर जाते! एकेका प्रयत्नाचं नशीब तसूभरही बदललेलं नसतं. डोंबिवलीकराला हे कुणी शिकवावं लागत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळावी म्हणून तो आधी उलटा कल्याणला जातो आणि तिथून गाडी पकडतो. जागा मिळेलच असं नाही, पण मिळण्याची शक्यता त्याने स्वतः वाढवलेली असते.

तरीही तो अंक इतरांनीही वाचला असणारच. पत्र लिहिलं कार्पेंटरबाईंनी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन यांनी लोकांना एका वर्तमानपत्रातले फोटो मोजायला सांगितले होते. दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: मोजणं थांबवा, फोटो ४३ आहेत. स्वतःला नशीबवान समजणाऱ्यांना ती ओळ जास्त करून दिसली, कमनशिबी समजणाऱ्यांच्या नजरेतून ती बहुधा निसटली. मला वाटतं, वृत्तीचा खरा वाटा इथे आहे. समोर आलेलं दिसणं आणि दिसल्यावर हात पुढे करणं. आनंदीबाई तर त्या परक्या बाईंना मावशी म्हणू लागल्या, इतका तो हात घट्ट धरला गेला.

म्हणून नशीब म्हणजे निव्वळ मनाचा खेळ, असं कुणी म्हणालं तर मात्र मला ते पटत नाही. शिकत असतानाच आनंदीबाईंची तब्येत ढासळली. क्षयाने त्यांना गाठलं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती, पण त्या कामावर कधी रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाला बावीस वर्षंही पुरी नव्हती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच जगाला दाखवला होता. त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. या मधल्या एकसष्ट वर्षांत कितीही जिद्दीच्या माणसाला क्षय झाला, तरी त्या जंतूला मारणारं औषध डॉक्टरांच्या हातात नव्हतं.