घरांतील सामाईक संगणक आणि परवलीचा शब्द

पूर्वीं एकत्र कुटुंबांत कुलपें फार नसत. परंतु जीं असत तीं नेमक्या जागीं असत. माजघरास कोणी कुलूप लावीत नसे. दागिन्यांच्या पेटीची किल्ली मात्र वडील बाईच्या कमरेच्या जुडग्यांत असे, आणि दस्तऐवजांच्या पेटीची कर्त्या पुरुषाच्या जानव्याला बांधलेली असे. त्यांत अविश्वास आहे असें कोणास वाटत नसे. आज बैठकीच्या खोलींत सर्वांकरितां मिळून जो एक संगणक असतो, त्यास मात्र अशी कांहीं व्यवस्था लावून द्यावी हें पुष्कळ घरांत कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं. त्याच यंत्रावर आजोबांच्या पेन्शनचा हिशेब, सूनबाईंचें कचेरीचें काम, कॉलेजांतील मुलीचा खासगी पत्रव्यवहार आणि धाकट्यांचे खेळ एकत्र नांदत असतात. ब्राउझरनें एकदां बँकेचा परवलीचा शब्द लक्षांत ठेवला, कीं त्या खुर्चींत बसणाऱ्या कोणासही बँकेच्या दारापर्यंत जातां येतें. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करूं.

परवलीचा शब्द संगणकांत आला तोच मुळीं सामाईकपणामुळें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेंत फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं 1961 सालीं एकच संगणक अनेकांना एकाच वेळीं वापरतां येईल अशी व्यवस्था करून दाखविली. यंत्र एक, माणसें अनेक. तेव्हां ज्याच्या फाइली त्याच्याच हातीं राहाव्या म्हणून प्रत्येकास निराळा परवलीचा शब्द देण्यांत आला. परंतु पुढच्याच वर्षीं ॲलन शेर नांवाच्या संशोधकानें सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी यंत्राकडूनच छापून घेतली. त्यास आठवड्याचे चारच तास मिळत, ते पुरत नव्हते, एवढेंच कारण! ही हकीकत पुढें अनेक वर्षांनीं त्यानेंच सांगितली. 1966 मध्यें तर एका चुकीमुळें रोजच्या सूचनेच्या जागीं तीच यादी सर्वांच्या समोर उमटली. किल्ल्यांचा जुडगा उघड्यावर पडला म्हणजे कुलपें कितीही भक्कम असलीं तरी व्यर्थ, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

आतां घरच्या व्यवस्थेकडे वळूं. पुष्कळांस प्रथम सुचतें तें हें, कीं जो प्रोग्रॅम मुलांनीं उघडूं नये त्यालाच परवलीचा शब्द लावावा. तसें करून देणारे प्रोग्रॅम मिळतातही. परंतु असें कुलूप हाही एक प्रोग्रॅमच. ज्याच्या हातीं यंत्राचे सर्वाधिकार आहेत, तो तें सहज काढून टाकतो. शिवाय हिशेबाच्या प्रोग्रॅमला कुलूप घातलें, तरी हिशेबाची फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमनें उघडतां येते. दार बंद आणि खिडकी उघडी, असा हा प्रकार होय.

याहून चांगली पद्धति म्हणजे प्रोग्रॅमांस कुलपें न लावतां माणसांस खोल्या देणें. विंडोज असो वा मॅक, घरांतील प्रत्येकाचें निराळें खातें उघडतां येतें व प्रत्येकास आपला परवलीचा शब्द ठेवतां येतो. खातीं दोन प्रकारचीं: सर्वाधिकारी, म्हणजे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, आणि साधें, म्हणजे ‘स्टँडर्ड’. साध्या खात्यांतून लेखन, वाचन, हिशेब सर्व कांहीं होतें. परंतु सर्वांसाठीं नवा प्रोग्रॅम बसविणें किंवा यंत्राची मूळ व्यवस्था बदलणें सर्वाधिकाऱ्याच्या परवलीवांचून होत नाहीं. मुलांच्या खात्यांवर वेळेची व खेळांची मर्यादा घालण्याची सोय विंडोजवर ‘फॅमिली सेफ्टी’ व मॅकवर ‘स्क्रीन टाइम’ या नांवांनीं आहे. वडील मंडळींनींही रोजचें काम साध्या खात्यांतूनच करावें. सर्वाधिकारी खातें प्रसंगापुरतें उघडावें.

या भिंती मात्र यंत्र नेहमीच्या रीतीनें चालू केलें तरच उपयोगी पडतात. कोणी पेन ड्राइव्हवरील निराळ्या प्रणालीनें तें सुरू केलें, तर डिस्कवरील मजकूर वाचतां येतो. त्यावर उपाय म्हणजे सबंध डिस्कच सांकेतिक लिपींत ठेवणें. विंडोजवर ‘बिटलॉकर’ व मॅकवर ‘फाइलव्हॉल्ट’ हें काम करतात. त्या वेळीं मिळणारी सुटकेची किल्ली कागदावर लिहून दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावी. आणीबाणीच्या वेळीं तीही सांपडली नाहीं, तर आपलाच मजकूर आपणांस कायमचा दुरावतो.

परवलीचा शब्द नातवाची जन्मतारीख किंवा कुलदैवताचें नांव असूं नये. घरांतल्यांना तो पहिल्याच प्रयत्नांत ओळखतां येतो. परस्परांशीं संबंध नसलेले चार-पांच शब्द जोडून केलेली लांब ओळ लक्षांतही राहते व ओळखावयास कठीणही जाते. दर महिन्यास तो बदलावा हा जुना उपदेश आतां मागें पडला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें 2017 सालींच सांगितलें, कीं शब्द फुटल्याची शंका आल्यावांचून तो बदलावयास लावूं नये.

शेवटीं सर्वांत नाजूक गोष्ट. सर्वाधिकारी खातें ज्याच्या हातीं, त्यास इतरांच्या फाइली उघडतां येतात. ही सत्ता एकाच पुरुषाच्या हातीं असूं नये. घरांतील दोन जबाबदार माणसांकडे असावी आणि त्यांत एक स्त्री असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. यंत्र दुरुस्त करण्यासाठीं मिळालेली किल्ली सुनेचीं पत्रें वाचण्यासाठीं नव्हे. मुलांवर जी मर्यादा घालावयाची ती त्यांस समोर बसवून, कारण सांगून घालावी. चोरून पाळत ठेवूं नये. मूल जसजसें मोठें होईल तसतशी ती सैल करावी, आणि एके दिवशीं त्याची खोली पूर्णपणें त्याच्या स्वाधीन करावी. हें पथ्य पाळलें, तर खात्यांच्या भिंतींमुळें घर दुभंगणार नाहीं. उलट त्या सामाईक यंत्रापाशीं बसतांना प्रत्येकास आपली अशी एक निर्धास्त जागा लाभेल.