कोयता निघण्याआधी

दसरा उलटला आहे, दिवाळी तोंडावर आहे. २०२५ चा ऑक्टोबर. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्यात ग्रामीण गृहनिर्माण अभियंता आहे, कंत्राटी. घरकुलांची पाहणी करणे आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवर उभे राहून मोबाईलमध्ये चढवणे, हे माझे काम. तो फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही.

सकाळी साडेसहा

पहिला फोन ऊसतोड टोळीच्या एका मुकादमाचा. "साहेब, माझ्या टोळीतल्या लोकांची जोती झाली. आजच्या आज फोटो काढून टाका. पाडवा झाला की गाड्या निघत्यात." यंदा साखर कारखान्यांचे गाळप १ नोव्हेंबरला सुरू होणार आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारे जिल्ह्यातले लाखो हात त्याआधी घराला कुलूप लावतील आणि पार गुढीपाडव्याच्या आसपास परततील. वर्षाचा हा अर्धा भाग घरकुल योजनेच्या वेळापत्रकात कुठेच नाही. माझी निम्मी धावपळ त्यामुळेच आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेचे एक लाख वीस हजार रुपये चार हप्त्यांत मिळतात. मंजुरीला पंधरा हजार, जोता झाल्यावर सत्तर, भिंती लिंटलपर्यंत आल्यावर तीस, घर पूर्ण झाल्यावर उरलेले पाच. मंजुरीपासून बारा महिन्यांत घर उभे राहिले पाहिजे, असा नियम. राज्यातल्या वीस लाख लाभार्थ्यांना मंजुरीची पत्रे दिली ती २२ फेब्रुवारी २०२५ रोजी, पुण्यात बालेवाडीला, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या उपस्थितीत. त्याच दिवशी दहा लाख जणांच्या खात्यावर पहिला हप्ता गेला. त्या दिवशी माझ्याकडचे बहुतेक लाभार्थी उसाच्या फडात, कोपीत होते. एप्रिलमध्ये आले तेव्हा डोंगरात प्यायला पाणी नव्हते, मग भिंतीवर मारायला कुठून असणार? जूनमध्ये पेरणी, मग पाऊस. आता पुन्हा निघायची वेळ. बारा महिन्यांतले बांधकामाचे महिने बोटावर मोजता येतात, आणि मुदत संपते ती फेब्रुवारीत, ऐन तोडणीत.

सकाळी साडेआठ

सिंदफणा नदीच्या काठचे गाव. सप्टेंबरच्या पुराचा गाळ अजून गल्लीत आहे. इथली जुनी घरे माळवदाची, पांढऱ्या मातीची. उन्हाळ्यात अशा घरासारखा थंडावा नाही, पण छतात पाणी मुरले की भिंत आतून सुटते आणि एका रात्रीत सगळे खाली येते. एका मावशींच्या घराच्या दोन भिंती उभ्या आहेत. सोयाबीन शेतातच कुजले. पत्र्याखाली चूल मांडून त्या मला चहा करतात. नको म्हणालो तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून घेतो.

त्यांचे नाव २०१८ च्या सर्वेक्षणात, म्हणजे ड यादीत होते. लेकाची मोटारसायकल निघाली आणि नाव गळाले. ती मोटारसायकल हप्त्यावर घेतलेली. २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, देशभरात आणखी दोन कोटी घरे ठरली आणि अपात्रतेच्या अटी तेरावरून दहावर आल्या. दुचाकी, फ्रिज, लँडलाईन फोन यांमुळे आता कोणी बाद होत नाही. महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजार झाली. हा बदल चांगला आहे, मनापासून सांगतो. बाद झालेल्या माणसाच्या दारात मलाच उभे राहावे लागायचे.

पण मावशींचे नाव आता नव्या सर्वेक्षणात आहे आणि त्याची पडताळणी चालू आहे. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींची मदत जाहीर केली, त्यात पूर्ण पडलेल्या घरांना आवास योजनेतून नवे घर देऊ असे सांगितले. पंचनामा महसूलचा, यादी ग्रामविकासची. दोन्ही कागदांवर मावशी एकच. तलाठ्यांना फोन करून पंचनाम्याची प्रत मागवतो. "कव्हा व्हईल, साहेब?" त्या विचारतात. तारीख मला सांगता येत नाही, आणि खोटी तारीख मी देत नाही.

सकाळी अकरा

डोंगरातली वस्ती, मुकादमाने सांगितलेली. जोती खरोखर झाली आहेत. काळ्या दगडाची, भक्कम. दोनशे एकोणसत्तर चौरस फुटांचे घर. त्यात स्वयंपाकाची जागा बसवताना गवंड्याची परीक्षा असते. मी टेप लावतो, कोपरे तपासतो, नवराबायकोला जोत्यावर उभे करून फोटो घेतो. रेंज डोंगराच्या टोकाला आहे, तिथवर चढून जातो.

वाळूची रड इथेही आहे. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत, हे धोरण कागदावर चांगले. पण पावसाळ्यात नदीतून वाळू काढायला बंदी असते, आणि सप्टेंबर संपून बंदी उठली तेव्हा नदीलाच पूर होता. परवाना तहसीलचा, मिळाला तरी वाहतूक ज्याची त्याने करायची. डोंगरात ट्रॅक्टर आणायचे भाडे ऐकून लोक क्रशरची डस्ट वापरतात. मी त्यांना डस्ट धुऊन घ्यायला सांगतो, पाणी कुठले असे ते विचारतात, आणि त्यांचे बरोबर असते.

एक तरुण बाजूला घेऊन सांगतो, "लिंटलपर्यंत आणलंय. स्लॅब टाकून जावं म्हनतो. मुकादमाकडून उचल वाढवून घेतली." उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली रक्कम, तोडणी करून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, त्याच फडात. त्याचे तीस हजार तपासणीनंतर येणार, पण सेंट्रिंगवाला आज पैसे मागतो. राज्य सरकारने यंदा पन्नास हजार वाढवून दिले: पस्तीस हजार बांधकामाला, पंधरा हजार छतावरच्या सौर संचाला. रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी, ३१२ रुपयांनी २८,०८०. शौचालयाचे बारा हजार. मूळ एक लाख वीस हजार धरून सगळे मिळून दोन लाख दहा हजारांच्या घरात जाते. रक्कम पुरेशी नसेल, पण थोडीही नाही. तरीही हा मुलगा कर्जात जातो, कारण पैसा त्याला हवा असतो त्या आठवड्यात येत नाही. घर पूर्ण झाल्याचा आकडा माझ्या अहवालात जाईल. त्या घरासाठी बांधून घेतलेले दोन हंगाम कुठल्याच रकान्यात जाणार नाहीत.

मी त्याला स्लॅबची घाई करू नको म्हणतो. एकवीस दिवस पाणी मारायला घरी कोण राहणार? म्हातारी आई आणि दोन लेकरे. लिंटलचा फोटो आज घेतो, पैसे खात्यावर राहू दे, एप्रिलमध्ये टाक. तो मान हलवतो. ऐकेल की नाही, माहीत नाही. रिकाम्या भिंती सोडून जायला जीव धजत नाही, हे मला कळते.

दुपारी दोन

झाडाखाली डबा. सरपंचांच्या घरून ठेचा येतो.

दुपारी साडेतीन

पंचायत समिती. टेबलासमोर तीन प्रकारची माणसे. एकाचे आधार खात्याला जोडलेले नाही. दुसऱ्याचे रोजगार हमीचे मस्टर निघालेले नाही. जॉबकार्डावर नवराबायको दोघांचीच नावे आहेत, आणि ती दोघे गेली की नव्वद दिवस भरणार कोण? तिसरा वेगळाच: मंजुरी हातात आहे, जागा नाही. पिढ्यान्‌पिढ्या गायरानावर राहतो. पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला एक लाखापर्यंत मिळतात, पाचशे चौरस फुटांसाठी. रस्त्याकडेला त्या भावात कोणी विकत नाही, आणि आत विकतो तिथे त्याच्या जातीचे नाव ऐकून मालक मागे फिरतो. हे कोणी कागदावर लिहीत नाही. मी त्याचा अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे घेऊन जातो, सोबत त्यालाही नेतो.

संध्याकाळी सहा

आढावा. गावनिहाय आकडे, कुठे किती जोती, किती अपूर्ण. माझी गावे लाल रंगात आहेत. मी उभा राहून सांगतो की ही घरे रखडलेली नाहीत, माणसे कामाला गेलेली असतात. वरून विचारणा होते, मग निघण्याआधी का नाही उरकले? सांगतो: जोते सप्टेंबरात वाहून गेले असते.

रात्री साडेनऊ

जेवण झाल्यावर यादी करायला बसतो. स्थलांतर करणारी कुटुंबे गावनिहाय वेगळी काढतो: जोता झालेली, लिंटल झालेली, अजून पाया न खणलेली. वर एका पानात तीन मागण्या लिहितो. जोता झालेल्यांचे सत्तर हजार गाड्या निघण्याआधी सोडावेत. फडातले महिने बारा महिन्यांच्या मुदतीतून वजा करावेत, म्हणजे फेब्रुवारीत कुणाच्या नावापुढे 'विलंब' पडणार नाही. मस्टरवर घरी राहणाऱ्या सज्ञान माणसाचे नाव ग्रामपंचायतीने दिवाळीआधी जोडून घ्यावे. यातली तिसरी गोष्ट तालुक्यातच होऊ शकते, तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही. म्हणून उद्या सकाळी आधी जॉबकार्डांचे अर्ज घेऊन त्या वस्तीवर जाणार आहे.