चैत्रगौर आणि परसातील जलसेवा

चैत्र उजाडला की उल्हास नदीच्या खोऱ्यातील आमच्या चामटोली गावात एकाच वेळी दोन गोष्टी घडू लागतात. आंब्याच्या डहाळीला कैऱ्या लोंबू लागतात, कडुनिंब पांढऱ्या मोहराने भरून जातो, काकडीच्या वेलाखाली कोवळी फळे दिसू लागतात. आणि त्याच दिवसांत विहिरीतील पाणी रोज थोडे थोडे खाली जाते. देवाला अर्पण करण्याजोगे परसात पुष्कळ असते, परंतु ते जगविण्यासाठी लागणारे पाणी मात्र मोजके असते. ज्यांच्या घरामागे हातभर तरी जागा आहे, अशा प्रत्येक कुटुंबाला वसंत ऋतू हा पेच घालतो. त्याची उकल आम्हाला आमच्या थोरल्या काकूंनी शिकवली, ती या मंगल मासाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नैवेद्याचे मूळ

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते. तिच्या हळदीकुंकवाचा थाट आपणां सर्वांस परिचित आहे. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, काकडी, कलिंगड, आणि अंगणात रेखलेले चैत्रांगण! या नैवेद्यात ऋतूबाहेरचा एकही पदार्थ नाही. पाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पाने व फुले गूळ, चिंच, ओवा, मिरी यांसह ग्रहण करतो; तीही त्याच दिवसांत झाडावर आलेली असतात. आपल्या पूर्वजांनी पूजाविधी आणि ऋतुमान यांची अशी गाठ मारून ठेवली आहे की, ज्याने परस राखले त्याची पूजेची अर्धी तयारी आपोआप झाली!

आषाढातील महापूर

परंतु परस राखणे वाटते तितके सोपे नाही. सन २०१९ च्या आषाढ वद्य पक्षात उल्हास नदीला आलेला पूर आमच्या गावाला विसरता येणार नाही. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान, चामटोलीजवळच पाण्यात अडकली होती. दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांची सुखरूप सुटका झाली आणि गावकरीही मदतीला धावले. मनुष्यहानी टळली, ही परमेश्वराची कृपा. घरी परतून मागचे दार उघडले तेव्हा मात्र परसाच्या जागी चिखलाचा सपाट पट्टा होता. वाफे, मांडव, तोंडलीचा जुना वेल, काहीच ओळखू येत नव्हते. पपईच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. आमच्या चारही पपया दोनचार दिवसांत माना टाकून गेल्या. आंबा, कडुनिंब आणि नारळ तेवढे उभे राहिले.

घरातील तरुण मंडळींनी तेव्हा एक विचार मांडला, आणि तो अगदीच चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पावसाळ्यात बुडते आणि उन्हाळ्यात सुकते अशा जागेवर किती वर्षे श्रम घालावयाचे? आसपास इमारती उठत आहेत. ही जागाही देऊन टाकावी आणि भाजी बाजारातून आणावी.

काकूंनी वाद घातला नाही. त्याच आठवड्यात आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे संत सावता माळी यांची पुण्यतिथी होती. सोलापूर जिल्ह्यातील अरण गावच्या या संताने मळ्यातील कामातच विठ्ठल पाहिला, सन १२९५ मध्ये तेथेच समाधी घेतली, आणि त्याच्या भेटीसाठी पांडुरंगाची पालखी अरणला जाते, ही कथा काकूंनी घरातील मुलांना सांगितली. शेवटी एवढेच म्हणाल्या, ‘‘एक चैत्र जाऊ द्या. गौर माहेरी येऊन जाऊ दे. मग जागेचे काय करायचे ते ठरवा.’’

दोन गळत्या

दिवाळीनंतर आम्ही झाडांच्या बुंध्याभोवती साचलेला गाळ दूर केला, माती भुसभुशीत करून तिच्यात शेणखत मिसळले. गाळाने नासधूस केली होती खरी, परंतु वाफ्यांतील माती त्यानेच सकस केली होती. माघ महिन्यात भेंडी, गवार, चवळी, काकडी आणि दुधी यांचे बी टाकले. उगवण उत्तम झाली आणि पाण्याची चिंता सुरू झाली.

महाशिवरात्रीस काकू अंबरनाथच्या शिवालयात दर्शनाला जाऊन आल्या. शके ९८२ मधील, म्हणजे सन १०६० चे हे शिलाहारकालीन मंदिर आमच्या पंचक्रोशीचे भूषण आहे. घरी येताच त्यांनी माळ्यावरची जुनी मडकी खाली काढावयास सांगितली. ‘‘वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतो ना आपण? थेंब थेंब पाण्याने देव शांत होतो. मग या रोपांनी काय पाप केले? त्यांच्यावरही गळती लावा.’’

त्याप्रमाणे मडक्याच्या बुडाशी बारीक छिद्र पाडून त्यात सुताची वात बसविली आणि लहान कलमांच्या मुळाशी ती मडकी ठेवली. वेलांच्या आळ्यांत बिनछिद्राची कच्च्या भाजणीची मडकी गळ्यापर्यंत पुरली. त्यांच्या अंगातून पाझरणारा ओलावा मुळे आपल्या गरजेपुरता ओढून घेतात. डास होऊ नयेत म्हणून प्रत्येक मडक्यावर झाकण ठेवले. ज्या वाफ्याला पूर्वी रोज बादल्या ओताव्या लागत, त्याला तीनचार दिवसांतून एकदा मडके भरणे पुरे होऊ लागले.

नित्याची सेवा

परसाची सेवा ही पूजेसारखीच वेळेवर व्हावी लागते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. उन्हाळ्यात सकाळ-सायंकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकली तरच पाणी द्यावे, असा नियम त्यात घालून दिला आहे. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचा हा नियम आजही लागू पडतो. भर दुपारी तापलेल्या मातीवर ओतलेल्या पाण्याचा बराचसा भाग उन्हातच उडून जातो.

बुंध्याशी वाळलेल्या पाचोळ्याचा चार बोटे जाड थर द्यावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. तांदूळ आणि डाळी धुतलेले पाणी मोरीत न सोडता वाफ्यात न्यावे. भेंडीवर मावा दिसल्यास लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, ते पाणी सायंकाळी फवारावे. दुधीला पांढरी फुले भरपूर येतात पण फळ धरत नाही, अशी तक्रार अनेक गृहिणी करतात. दुधीचे फूल सायंकाळी उमलते. ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो ते मादीफूल. दिवेलागणीच्या सुमारास नरफूल तोडून त्यातील पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. देवापुढे दिवा लावून झाला की काकू हे काम नेमाने करीत. काकडीची डंख लागलेली फळे मात्र वेलाखाली पडू न देता खोल पुरून टाकावीत, म्हणजे फळमाशीची पुढची पिढी रोखली जाते.

शार्वरी संवत्सराचा पाडवा

यानंतर जो पाडवा आला तो कोणाच्याही स्मरणातून जाणार नाही. २५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस, आणि तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. आमच्या घरी साखरेच्या गाठी आणावयाच्या राहून गेल्या होत्या. कडुनिंबाची डहाळी मात्र पुरातून वाचलेल्या आमच्याच झाडाची होती. तीवर झेंडूची माळ घालून आम्ही गुढी उभारली.

तिसऱ्या दिवशी गौर बसली, पण हळदीकुंकवाला कोणी येणे शक्य नव्हते. काकूंनी इतक्या वर्षांत सवाष्णींविना गौर पाहिली नव्हती. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग स्वतः टोपली घेऊन परसात गेल्या. पाच कैऱ्या, दोन काकड्या, ओंजळभर भेंडी, कढीलिंबाची डहाळी असे वाटे त्यांनी लावले. ‘‘त्यांना येता येत नसेल तर गौरीची ओटी त्यांच्या दारी जाईल,’’ असे त्या म्हणाल्या. शेजारच्या प्रत्येक घराच्या कट्ट्यावर वाटा ठेवायचा, हाक मारायची आणि लांब उभे राहायचे, असा तो महिनाभराचा क्रम झाला. परसाने सारे घर पोसले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. धान्य आणि डाळी डब्यांतल्याच होत्या. परंतु त्या धास्तीच्या दिवसांत गौरीपुढील ताट एकदाही रिते राहिले नाही आणि शेजारच्या ताटांतही तिचा प्रसाद पडला. जागा देऊन टाकण्याचा विषय त्यानंतर घरात कोणी काढला नाही.

अक्षय्य तृतीयेस

अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचे दान करावे असा आपला शास्त्रसंकेत आहे. त्याच दिवशी आळी करून वेलांचे बी लावण्याची चाल कोकणात आहे. पाण्याचे दान आणि बीजारोपण यांना एकच मुहूर्त लाभावा, हा योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही. आपण देवाला फळ अर्पण करतो तेव्हा वस्तुतः त्या फळासाठी चैत्राच्या उन्हात वेचलेले पाणीच अर्पण करीत असतो.

आज काकू हयात नाहीत. ज्यांना परस नाही त्यांच्या सज्जातही तुळशीशेजारी एक कुंडी आणि तिच्यात एक लहान मडके मावेल, असे त्या सांगत. यंदा गौर माहेरी येईल तेव्हा तिच्या ओटीत आपल्या हाताने वाढविलेले एक तरी फळ, निदान एक पान असावे. तो संकल्प पाडव्यालाच सोडावा आणि पहिली गळती त्याच दिवशी लावावी, हीच वाचक कुटुंबांस आमची विनंती आहे.