प्रेमाच्या शोधातला ‘द लव्ह बिलो’
अटलांटाच्या ‘आउटकास्ट’ या हिप-हॉप जोडीने सप्टेंबर २००३मध्ये जोड-अल्बम काढला: एक डिस्क बिग बॉईची, दुसरी आंद्रे ३०००ची. आंद्रेची ‘द लव्ह बिलो’ म्हणजे प्रेम शोधत फिरणाऱ्या पुरुषाची गोष्ट. तीत तो रॅप थोडं करतो, गातोच जास्त. श्रोत्यांचा वाद तिथूनच पेटला. हे हिप-हॉपच नव्हे, बिग बॉईची डिस्क अधिक बांधेसूद, असं काहीजण ठामपणे सांगतात. रॅपरने इतकं हळवं होणं हेच इतरांना मोलाचं वाटतं. मला दुसरी बाजू पटते. या डिस्कमधल्या ‘हे या!’वर सगळे नाचतात, पण ते गाणं प्रेम टिकतं का, याच शंकेने पोखरलेलं आहे. डिस्कच्या मधले काही तुकडे रेंगाळतात, हेही खरं. २००४ साली या जोड-अल्बमला ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं.