राकेश शर्मा जाऊन आले, मग गगनयान कशाला?

जबलपूरच्या विजय नगरातल्या मराठी घरांत गगनयानाचा, म्हणजे माणसाला अंतराळात नेण्याच्या इस्रोच्या मोहिमेचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. राकेश शर्मा 1984 सालीच अंतराळात जाऊन आले, शुभांशू शुक्लाही जाऊन आले, मग आता नवीन काय करायचं राहिलंय? एखादे काका त्यात कल्पना चावलांचंही नाव घालतात. हा प्रश्न आपुलकीतून येतो, आणि त्याचा नीट उलगडा झाला की बाकीचे बरेच गैरसमज आपसूक सुटतात.

राकेश शर्मा 3 एप्रिल 1984 रोजी सोयुझ टी-11 यानातून गेले. यान सोव्हिएत, रॉकेट सोव्हिएत, उड्डाणतळ बायकोनूरचा आणि ज्या सॅल्युत-7 स्थानकात ते राहिले तेही सोव्हिएत. शुक्ला 25 जून 2025 रोजी अमेरिकेतल्या केनेडी केंद्रावरून फाल्कन-9 रॉकेटनं निघाले आणि ड्रॅगन यानातूनच 15 जुलैला कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरले. कल्पना चावला अमेरिकी नागरिक होत्या, नासाच्या अंतराळवीर होत्या. तिघांच्याही कर्तृत्वाबद्दल अभिमान वाटणं योग्यच आहे. पण आपलं रॉकेट, आपलं यान, आपला तळ वापरून माणसाला कक्षेत नेणं आणि परत आणणं ही गोष्ट आजवर तीनच देशांना जमली आहे. सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांनी ती 1961-62 मध्ये साधली. त्यानंतर चाळीस वर्षं या यादीत कुणाची भर पडली नाही. 15 ऑक्टोबर 2003 रोजी चीननं यांग लीवेई यांना पाठवलं. एवढा पैसा आणि एवढं तंत्रज्ञान असलेल्या युरोपला आणि जपानला आपली माणसं अजून दुसऱ्यांच्याच यानांतून पाठवावी लागतात. गगनयानाचा प्रयत्न चौथा देश होण्याचा आहे.

दुसरा समज याहून खोलवर रुजलेला आहे: जो देश चंद्रावर यान उतरवतो, त्याला चारशे किलोमीटरवर माणूस पाठवणं म्हणजे काय मोठंसं! चांद्रयान-3 ला घेऊन गेलेलं एलव्हीएम-3 रॉकेट 2014 पासून उडतंय आणि एकदाही फसलेलं नाही. मग त्यातच माणूस बसवून का टाकत नाहीत?

कारण माणसाच्या बाबतीत रॉकेट यशस्वी होणं पुरत नाही, ते फसलं तरी माणूस जगला पाहिजे. राकेश शर्मांच्याच यानात याचा जिवंत पुरावा बसलेला होता. त्यांचे सहप्रवासी गेन्नादी स्त्रेकालोव हे त्याआधी जेमतेम सहा महिने, 26 सप्टेंबर 1983 रोजी, व्लादिमीर तितोव यांच्यासोबत बायकोनूरला रॉकेटच्या टोकाशी बसले होते. उड्डाणाच्या तोंडावर रॉकेट तळावरच पेटलं. यानाच्या शेंड्यावर बसवलेल्या सुटका-रॉकेटनं यान खेचून वर नेलं आणि काही सेकंदांत खाली सगळ्याचा स्फोट झाला. दोघेही वाचले. ती यंत्रणा नसती तर स्त्रेकालोव शर्मांच्या शेजारी दिसले नसते.

आपल्या एलव्हीएम-3 ला तर ही यंत्रणा अधिकच गरजेची आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना एस-200 हे घन इंधनाचे प्रचंड बूस्टर आहेत, प्रत्येकात दोनशे टनांहून जास्त इंधन. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. बिघाड झाला तर इंजिन बंद करण्याचा पर्यायच नसतो, माणसांना घेऊन दूर पळणं हाच उपाय. म्हणून इस्रोनं ही सुटकेची वाट वेगळी तपासली. 5 जुलै 2018 रोजी तळावरून निसटण्याची चाचणी झाली. 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून टीव्ही-डी1 हे उड्डाण झालं: सुमारे बारा किलोमीटर उंचीवर, आवाजाहून जास्त वेगात असताना, यान रॉकेटपासून तोडलं, ते छत्र्यांनी बंगालच्या उपसागरात उतरलं आणि नौदलानं ते बाहेर काढलं. त्या दिवशी पहिल्या प्रयत्नात उलटी मोजणी शेवटच्या पाच सेकंदांवर थांबली होती. दूरदर्शनवर पाहणाऱ्यांपैकी कित्येकांनी तेव्हा ‘फसलं’ म्हणून टाकलं. खरं तर संगणकानं धोका ओळखून वेळेत हात आखडता घेतला होता, आणि माणूस बसणार असेल त्या रॉकेटकडून नेमकं हेच हवं असतं.

छत्र्यांचंही तसंच. गगनयानाला एकूण दहा पॅराशूट आहेत. शेवटच्या टप्प्यात तीन मुख्य छत्र्या उघडतात, पण सुखरूप उतरायला दोन पुरतात. एक उघडलीच नाही तर? नोव्हेंबर 2022 मध्ये झाशीजवळच्या बबीना मैदानावर नेमकी हीच परिस्थिती मुद्दाम घडवली गेली. हवाई दलाच्या आयएल-76 विमानातून पाच टनांचं वजन अडीच किलोमीटर उंचीवरून सोडलं आणि ते दोनच मुख्य छत्र्यांवर नीट उतरवलं. आपल्या शेजारच्या बुंदेलखंडात हे झालं, आणि इथल्या फार थोड्या लोकांना ते माहीत आहे याची मला हळहळ वाटते.

आता उशिराबद्दल. 15 ऑगस्ट 2018 रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली तेव्हा 2022 हे लक्ष्य होतं. मे 2025 मध्ये सरकारनं माणसांच्या पहिल्या फेरीसाठी 2027 च्या पहिल्या तिमाहीचं लक्ष्य सांगितलं. याला अपयश म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि जबलपूरकरांना तर हे पटायला सोपं जावं. इथल्या अनेक मराठी कुटुंबांत कुणी ना कुणी गन कॅरेज फॅक्टरीत किंवा खमरियाच्या कारखान्यात नोकरी केलेली आहे. तयार झालेली तोफ थेट फौजेकडे जात नाही; खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवर तिची परीक्षा होते, मगच ती पुढे सरकते. गगनयानात प्रत्येक झडप आणि प्रत्येक इंजिन अशाच परीक्षेतून जातं. 2022 ही तारीखच फार आशावादी होती, असं म्हणणं जास्त न्यायाचं ठरेल.

उशिराचं आणखी एक कारण आहे. यानातली हवा, दाब, तापमान आणि ओलावा सांभाळणारी जीवनरक्षक यंत्रणा बाहेरून घ्यायचा विचार होता. ती द्यायला कुणीच तयार झालं नाही, हे तत्कालीन इस्रो अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी डिसेंबर 2023 मध्ये गोव्यात, मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सवात सांगितलं. मग ती इथेच बनवायचं ठरलं. म्हणून ‘सगळं रशियाचंच आहे’ हा आक्षेप टिकत नाही. प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला या चौघांनी 2020-21 मध्ये रशियातल्या गागारिन केंद्रात प्रशिक्षण घेतलं हे खरं. पण रॉकेट आणि यान आपलं आहे, आणि त्यात महाराष्ट्राच्या कारखान्यांचा घाम आहे. गगनयानाच्या बूस्टरचा पहिला खंड नोव्हेंबर 2020 मध्ये पवईच्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातून निघाला. अशा खंडांचं काम पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरलाही होतं, आणि रॉकेटची विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये घडतात.

दोन गोष्टी झटपट सांगतो. चारशे किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपत नाही. जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के ते तिथेही असतं. यान आणि माणूस दोघेही पृथ्वीभोवती एकसारखे ‘पडत’ असतात, म्हणून तरंगल्यासारखं वाटतं. आणि पैशाबद्दल: गगनयान कार्यक्रमाचा सप्टेंबर 2024 मध्ये वाढवलेला एकूण खर्च 20,193 कोटी रुपये आहे. त्यात आठ उड्डाणं आणि अंतराळ स्थानकाचा पहिला भागही येतो. संपूर्ण अवकाश विभागाची 2024-25 ची तरतूद सुमारे 13,000 कोटींची होती. केंद्राच्या शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे.

राहिला चंद्र. गगनयान चंद्रावर जाणार आहे असं समजणारे बरेच भेटतात. ते तिघांना घेऊन तीन दिवस चारशे किलोमीटरवरून पृथ्वीभोवतीच फिरणार आहे. चंद्र त्याहून जवळजवळ हजारपट दूर आहे. 2040 पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचं लक्ष्य ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर झालं, त्याआधी 2035 पर्यंत आपलं स्थानक. ही उद्दिष्टं अशक्य नाहीत, पण आज हातात असलेल्या साधनांनी ती गाठता येणार नाहीत.

चांद्रयान-3 चं वजन सुमारे 3,900 किलो होतं आणि ते चाळीस दिवसांत पोहोचलं, कारण पृथ्वीभोवती घिरट्या घालत कक्षा वाढवत नेली की इंधन वाचतं. माणसाला तसं नेता येत नाही. चाळीस दिवसांचं अन्न-पाणी-प्राणवायू लागेल, शिवाय प्रत्येक घिरटीत पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून जावं लागेल. माणसांना तीन-चार दिवसांतच पोहोचवावं लागतं, आणि त्यांच्यासोबत परतीचं यान आणि परतीचं इंधनही न्यावं लागतं. अपोलोनं चंद्राच्या दिशेनं साधारण पंचेचाळीस टन धाडले होते. आपलं एलव्हीएम-3 जवळच्या कक्षेतसुद्धा आठ-दहा टनच नेतं. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेलं नवं रॉकेट तीस टन नेईल, तेही जवळच्याच कक्षेत. म्हणजे चंद्रासाठी अनेक उड्डाणं करून तुकडे अवकाशात जोडावे लागणार. 16 जानेवारी 2025 रोजी इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतल्या दोन छोट्या उपग्रहांनी कक्षेत एकमेकांना धरलं, तेव्हा ही कला साधणारा भारत चौथा देश झाला. वर्तमानपत्रांनी त्याला एक दिवस जागा दिली. माझ्या मते चंद्राच्या वाटेवरची ती चांद्रयान-3 इतकीच मोलाची पायरी आहे.

परतीचा हिशोब तर आणखी कडक. जवळच्या कक्षेतून येणारं यान सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरतं, चंद्रावरून येणारं अकरा. वेग दीडपटही होत नाही, पण ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि ती सगळी उष्णतेच्या रूपात सोसावी लागते. गगनयानाचं कवच त्यासाठी पुरणार नाही.

जून 2023 मध्ये भारतानं अमेरिकेच्या पुढाकाराच्या आर्टेमिस करारावर सही केल्यापासून ‘आता नासाच आपल्याला घेऊन जाणार’ असंही ऐकू येतं. तो करार अवकाशात वागण्याच्या तत्त्वांचा आहे, त्यात कुणाला आसन मिळालेलं नाही. 2040 कडे आपण खरंच सरकतोय का, हे पाहायचं असेल तर चांद्रयान-4 वर नजर ठेवा. एलव्हीएम-3 च्या दोन उड्डाणांनी त्याचे पाच भाग वर जातील, अवकाशात जोडले जातील, त्यांतले काही चंद्रावर उतरून माती उचलतील आणि ती पृथ्वीवर आणली जाईल. चंद्रावरून उठून घरी परतण्याची परीक्षा आपल्याकडे पहिल्यांदा तेव्हा होईल.