खेचर : भूमीवरचें आणि आकाशांतलें

मराठींत 'खेचर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गाढव आणि घोडी यांच्या संयोगापासून झालेलें, ओझें वाहणारें जनावर, हा एक. आणि 'खे' म्हणजे आकाशांत संचार करणारा, हा संस्कृतांतून आलेला दुसरा. आज मला ज्या प्राण्याविषयीं बोलावयाचें आहे, तो या दोन्ही अर्थांनीं खेचर आहे. त्याच्या आईबापांपैकीं एक या पृथ्वीवरचें असतें, दुसरें आकाशांतून उतरलेलें असतें, आणि त्याची वस्ती केवळ विज्ञानकथांत असते.

या जातीचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधि म्हणजे १९६६ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणीवरील मालिकेंतला मिस्टर स्पॉक. त्याची आई मानवी, बाप व्हल्कन नांवाच्या ग्रहावरचा. कान टोंकदार आणि रक्त हिरवें. कारण त्या रक्तांत लोहाच्या जागीं तांबें आहे, असें कथाकारांचें सांगणें. ही कांहीं निव्वळ थाप नव्हे. आपल्या समुद्रांतील खेंकडे आणि ऑक्टोपस यांच्या रक्तांत प्राणवायु वाहून नेण्याचें काम ताम्रयुक्त प्रथिनच करतें. मात्र तें रक्त हिरवें न दिसतां निळें दिसतें. तेव्हां रंगाचा दोष आपण पदरांत घेऊं. खरा प्रश्न आहे तो स्पॉकच्या जन्माचा. असा जन्म शक्य आहे काय?

उत्तरासाठीं प्रथम भूमीवरच्या खेचराकडे पाहूं. घोड्याच्या पेशींत ६४ गुणसूत्रें असतात, गाढवाच्या पेशींत ६२. अपत्यास दोघांकडून निम्मीं निम्मीं मिळतात. म्हणून खेचराच्या वांट्यास ३२ आणि ३१ मिळून ६३ येतात. पुढची पिढी निर्माण करण्याची वेळ आली, कीं या विषम सूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहींत. म्हणून खेचर बळकट असतें, काटक असतें, परंतु अगदीं विरळा अपवाद सोडल्यास वांझ असतें. घोडा आणि गाढव यांच्या वाटा फुटून सुमारें चाळीस लाख वर्षें झालीं असावींत. उत्क्रांतीच्या हिशेबानें हा काळ थोडकाच. पण तेवढ्यानें वंशाचें दार जवळजवळ बंद झालें.

मनुष्याचें काय? आपले सर्वांत जवळचे जिवंत आप्त चिंपांझी. त्यांचीं गुणसूत्रें ४८, आपलीं ४६. आणि दोघांच्या वाटा फुटून साधारण साठ ते सत्तर लाख वर्षें लोटलीं. इल्या इवानोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें १९२७ सालीं फ्रेंच गिनींत चिंपांझी माद्यांवर मानवी बीजाचे प्रयोग केले. एकीसही गर्भ राहिला नाहीं. याच्या उलट निअँडरथल मानवाची गोष्ट पाहा. तो आपल्या पूर्वजांपासून कांहीं लाख वर्षांपूर्वींच वेगळा झाला होता; तरी त्या दोघांचा संकर झाला. स्वांटे पॅबो व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं निअँडरथलांच्या हाडांतील जनुकें वाचून हें दाखवून दिलें. आफ्रिकेबाहेरच्या सर्व लोकांत, म्हणजे आपल्यांतही, एक ते दोन टक्के वारसा त्यांचा आहे. पुढें सायबेरियांतील डेनिसोव्हा गुहेंत सांपडलेल्या हाडाच्या एका लहानशा तुकड्यावरून २०१८ सालीं असें आढळून आलें, कीं सुमारें ९०,००० वर्षांपूर्वींच्या एका मुलीची आई निअँडरथल होती आणि बाप डेनिसोव्हन या वेगळ्या मानवशाखेंतला होता. तेव्हां बोलणारा मी आणि ऐकणारे तुम्ही, सारेच थोडेबहुत मिश्र आहोंत.

या उदाहरणांचा निष्कर्ष एकच: संकर ही आप्तपणाची कसोटी आहे. नातें जितकें जवळचें, तितकी संकराची आशा अधिक. परग्रहवासी मात्र आपला दूरचाही आप्त नव्हे. त्याची अडचण अगदीं उंबरठ्यावरच सुरू होते. सस्तन प्राण्याच्या अंड्याच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन असतें आणि पुरुषबीजावर त्यास नेमकें बसणारें दुसरें. कुलूप आणि किल्लीप्रमाणें हीं जुळलीं तरच प्रवेश घडतो. ज्या किल्लीनें हें कुलूप कधीं पाहिलेंच नाहीं, ती त्यांत बसावी कशी?

समजा, कुलूप फोडून आंत शिरकाव झाला. तरी आंतल्या पोथीची लिपि जुळली पाहिजे. आपल्या जनुकांचीं अक्षरें चार. तीन तीन अक्षरांचे शब्द चौसष्ट. आणि त्या शब्दांनीं सांगितलेलीं अमिनो आम्लें वीस. हा कोश उलगडण्याच्या कामांत आपले हरगोविंद खुराना यांचा मोठा वांटा होता. १९६८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें यासाठींच. किरकोळ अपवाद सोडल्यास जंतूपासून वटवृक्षापर्यंत आणि वटवृक्षापासून मनुष्यापर्यंत कोश हा एकच. परंतु तो विश्वांत सर्वत्र असाच असेल, असें मानण्यास आधार नाहीं. १९६९ सालीं ऑस्ट्रेलियांत मर्चिसन येथें पडलेल्या अशनींत सत्तराहून अधिक अमिनो आम्लें सांपडलीं. त्यांतील बहुतेक आपल्या प्रथिनांत येतच नाहींत. २०१९ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रयोगशाळेंत आठ अक्षरांची डीएनए तयार करून दाखविली. म्हणजे निसर्गास दुसरी लिपि वापरणें अशक्य नाहीं. एक पोथी मोडींत आणि दुसरी चिनी लिपींत लिहिलेली. दोहोंचीं पानें एकाआड एक शिवलीं, तर तिसरा ग्रंथ तयार होईल काय? कार्ल सेगन यांनीं १९७८ सालीं लिहिलें होतें, कीं मनुष्य आणि व्हल्कन यांच्या संकरापेक्षां मनुष्य आणि आर्टिचोक नांवाची भाजी यांचा संकर अधिक संभवनीय आहे. यांत थट्टा आहे, पण तर्क अचूक आहे. ती भाजी निदान आपल्याच कोशांतले शब्द वापरते.

यावर कोणी म्हणेल, रूप सारखें असेल तर? परंतु सारखें रूप म्हणजे नातें नव्हे. डॉल्फिन आणि प्राचीन काळचा इक्थिओसॉर हा सरपटणाऱ्यांच्या वर्गांतला जलचर, यांचे देह समुद्रानें एकाच सांच्यांत घातले. रक्तसंबंध मात्र अतिदूरचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जीवनाचें बीज सर्व ग्रहांवर एकाच ठिकाणाहून आलें असेल तर? 'स्टार ट्रेक'च्या कर्त्यांनींही १९९३ सालीं एका भागांत हेंच समर्थन दिलें. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं हैदराबादेहून फुगा सोडून, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेंत सूक्ष्म जीवांचा शोध घेतला, तो याच विचाराच्या मागानें. त्या शोधाचा अर्थ काय लावावा, हा वाद आहे. पण बीज एक होतें असें मानलें, तरी काय होतें? वटवृक्षाचें आणि आपलें बीज एकच होतें. म्हणून कोणी वडाशीं सोयरीक केलेली नाहीं.

कांहीं लेखकांनीं ही अडचण ओळखली होती. जॉन विंडम यांच्या १९५७ सालच्या 'द मिडविच कुकूज' या कादंबरींत एका खेड्यांतील स्त्रियांस एकाच वेळीं गर्भ राहतो. परंतु तीं मुलें मिश्र नव्हत, परकींच आहेत. खेड्याकडे काम केवळ घरट्याचें. कोकिळा कावळ्याच्या घरट्यांत अंडें घालते म्हणून पिलूं अर्धें कावळा होत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं कोकिळास 'परभृत' म्हटलें तें यथार्थच. ऑक्टेव्हिया बटलर यांनीं १९८७ सालच्या 'डॉन' या कादंबरींत दुसरा मार्ग घेतला: तेथें परके जीव जनुकें वेंचून, जुळवून संतति घडवितात. १९७८ सालीं मनुष्याचें इन्सुलिन जंतूंकडून करवून घेण्यांत आलें, तेव्हांपासून असें शिवणकाम अपरिचित राहिलेलें नाहीं. मात्र तें साधलें, कारण जंतूला आपली भाषा कळत होती. भाषा निराळी असेल, तर आधीं साऱ्या मजकुराचें भाषांतर करणें आलें; आणि जें जन्मेल तें संतान नसून कारागिरी असेल.

मग हा सारा विचार करावा कशासाठीं? यासाठीं, कीं 'संकर' हा शब्द मनुष्यांविरुद्ध वापरला गेला आहे. अलाबामांतील जोसाया नॉट नांवाच्या डॉक्टरानें १८४३ सालीं लेख लिहून, गोऱ्या व काळ्या आईबापांचीं मुलें म्हणजे दोन भिन्न जातींचा दुबळा संकर होय, असें प्रतिपादिलें. तें शास्त्र नव्हतें, गुलामगिरीची वकिली होती. स्पॉक पडद्यावर आला, त्या वेळीं अमेरिकेच्या सतरा राज्यांत अशा विवाहांस कायद्यानें बंदी होती; ती १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविली. दोन कुळांत वाढून कोठेंच पुरता न मावणाऱ्या स्पॉकचें दुःख प्रेक्षकांस कां भिडलें, तें यावरून कळतें.

म्हणून कथेस हा संकर खुशाल करूं द्यावा. तिचें तें काम आहे. आपण मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आकाशांतला पाहुणा कितीही मनुष्यासारखा दिसला, तरी तो परका. आणि पृथ्वीवरचा माणूस कितीही निराळा दिसला, तरी तो आप्त. अंगणांतली तुळससुद्धां त्या पाहुण्यापेक्षां आपल्या जवळची आहे. मग शेजारच्या माणसाची गोष्ट काय सांगावी!